नवीन बँकेचं खातं, वर्षभराचा हिशोब: व्याज चाललं, कॅशबॅकने दमवलं

सुरुवातीलाच सांगते, बँकेचं नाव लिहिणार नाहीये. नाव लिहिलं की लगेच वाटतं रेफरलचे पाचशे मिळवायला लिहिलंय बाईने, आणि पुढे थोडी बोंबही मारणारे त्यामुळे ते नकोच. स्मॉल फायनान्स बँक आहे एवढं पुरे. या जातीच्या बँकांमधे थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच चालतं, जाहिरातीत मोठ्ठा टक्का, खाली बारीक अक्षरात स्टार, आणि वर बिलं भरा कॅशबॅक मिळवा. मी सप्टेंबर २०२४ पासून वापरतेय, वर्षाच्या वर झालं, पै न पै एक्सेलमधे टाकलीय (नाशिकच्या सातपूरला एका कंपनीत अकाउंट्सला आहे मी, जित्याची खोड).

तर झालं असं की पोस्टातली पाच वर्षांची आरडी सुटली, त्याच महिन्यात भिशी लागली, आधीचे थोडे होते, असे मिळून साडेतीन लाख सेव्हिंगला पडून होते. एफडी करायची नव्हती कारण मुलीची अकरावी समोर, क्लासची फी कधी भरावी लागेल ते त्या क्लासवाल्यांनाच माहिती, आणि सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन आज करू उद्या करू चाललेलं. म्हणजे पैसा हाताशी पाहिजे. आणि हाताशी ठेवायचा तर आमच्या जुन्या सरकारी बँकेत २.७० टक्के. साडेतीन लाखावर वर्षाला ९,४५० रुपये. बरं ही काय त्या एकट्या बँकेची गोष्ट नाही, स्टेट बँकेचाही तेव्हा २.७० च होता आणि १५ जून २०२५ पासून तर २.५० झाला. खाजगीतल्या मोठ्या बँकाही तिथेच येऊन टेकल्यात.

आमचे सासरे, अण्णा, एसटीतून रिटायर झालेत. त्यांचं म्हणणं सेव्हिंग खातं म्हणजे सेव्हिंग खातं, व्याज सगळीकडे सारखंच. आणि ते चुकीचं नव्हतंच हो, त्यांच्या काळात खरंच तसं होतं. रिझर्व्ह बँक ठरवायची तोच दर देशभर, कितीतरी वर्षं साडेतीन टक्के होता, मे २०११ मधे चार केला आणि २५ ऑक्टोबर २०११ ला बँकांना मोकळं सोडलं, तुमचं तुम्ही ठरवा म्हणून. अण्णा अजूनही दर महिन्याला पेन्शनमधून काही भरायचं असेल तर दहा तारखेच्या आत भरायला जातात. मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय, वाटायचं काय हे खूळ. मग कळलं की पूर्वी दहा तारखेपासून महिनाअखेरपर्यंत खात्यात जी कमीत कमी शिल्लक असेल त्याच्यावरच व्याज मिळायचं, अकराला भरले तर तो महिना गेला. १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिल्लकेवर व्याज लागतं. अण्णांना सांगितलं. म्हणाले, असू दे, सवय चांगली आहे.

खातं उघडलं घरबसल्या, व्हिडीओ केवायसीने. आधी आधार, पॅन, ओटीपी, पुन्हा ओटीपी. मग व्हिडीओ कॉल. रविवारी सकाळी बसले, मागे कुकर लावलेला. पलीकडे एक मुलगा, फार तर चोवीस पंचवीसचा, टाय वगैरे घातलेला. मॅडम ओरिजिनल पॅन कार्ड कॅमेऱ्यासमोर धरा. धरलं. मॅडम लाइट मारतोय, जरा तिरकं करा. केलं. मॅडम अजून थोडं. मी खिडकीपाशी गेले तर म्हणे आता तुमचा चेहरा काळा दिसतोय. मग कोऱ्या कागदावर सही करून दाखवा, केली, तेवढ्यात कुकरची शिट्टी आणि त्याने विचारलं मॅडम तुम्ही बाहेर आहात का, लोकेशन घरचंच पाहिजे. म्हटलं बाबा स्वयंपाकघरात आहे, वरण होतंय. तोही हसला बिचारा. अर्ध्या तासात खाते नंबर मिळाला. इथे पूर्ण मार्क. जुन्या बँकेत पत्ता बदलायला मी तीन हाफ डे टाकलेत त्यामुळे मला हे फारच भारी वाटलं. नॉमिनी मात्र त्याने विचारलाच नाही, तो अ‍ॅपमधे आपण शोधून भरायचा, न विसरता भरा.

आठवड्याने घरी किट आलं. काळं डेबिट कार्ड, जाड खोका, आत एअरपोर्ट लाउंजचं कौतुक. आम्ही जातो ते पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला, आम्हाला काय लाउंजचं.

आता व्याज. मुख्य गोष्ट ही, नीट वाचा कारण इथेच सगळे फसतात. जाहिरातीत होतं '७ टक्क्यांपर्यंत'. या 'पर्यंत' मधेच सगळी मेख आहे. माझ्या बँकेत तेव्हा असं होतं: १ लाखापर्यंत ३.५ टक्के, १ ते ५ लाख ५ टक्के, आणि ५ लाखाच्या वर ७. आणि माझ्यासारख्या शहाण्या बाईलाही पहिल्यांदा वाटलं की साडेतीन लाख ठेवले म्हणजे मी ५ टक्केवाली झाले, सगळ्याला ५. तसं नसतं. इन्कम टॅक्सच्या स्लॅबसारखं आहे. पहिल्या लाखाला ३.५ म्हणजे ३,५००, उरलेल्या अडीच लाखांना ५ म्हणजे १२,५००, झाले १६,०००. म्हणजे पडले साधारण ४.५७ टक्के. साताने धरलं असतं तर २४,५०० व्हायला हवे होते. एवढा फरक त्या एका शब्दात. काही बँका पूर्ण शिल्लकेला वरच्या स्लॅबचा दर लावतात, काही टप्प्याटप्प्याने, हे बँकेप्रमाणे बदलतं, म्हणून खातं काढायच्या आधी तेवढा एकच प्रश्न विचारा: दर पूर्ण रकमेला का फक्त वरच्या भागाला? मी शाखेत जाऊन विचारलं तर तिथला मुलगा म्हणतो मॅडम अप टू लिहिलंय ना. म्हटलं हो रे राजा, लिहिलंय खरं.

मग ५ लाखाच्या वर ठेवून ७ मिळवू असं आमच्या ह्यांच्या डोक्यात आलं, माझ्या भावाकडूनही थोडे आणायचे वगैरे प्लॅन सुरू झाले. तिथे मी नाही म्हटलं. ठेवींचा विमा ५ लाखापर्यंतच असतो, एका माणसाला एका बँकेत, सगळी खाती सगळ्या शाखा धरून आणि व्याजासकट. फेब्रुवारी २०२० पर्यंत तर तो १ लाखच होता, पीएमसी या सहकारी बँकेवर सप्टेंबर २०१९ मधे निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला लोकांना हजार रुपये काढता येत होते, हजार! त्यानंतर वाढवला. पुढे २०२१ ला कायदा बदलला, आता बँकेवर निर्बंध आले तर ९० दिवसात विम्याचे पैसे द्यायचे असतात. स्मॉल फायनान्स बँका या विम्यात येतात, रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली आहेत, पतसंस्थेसारखं नाही, हे अण्णांना पटवायला मला दोन संध्याकाळी लागल्या. पण म्हणून सगळी अंडी... छे, म्हणजे सगळा पैसा तिथेच नेऊन टाकायचा नाही. गंमत बघा, ७ टक्के मिळायला लागतात ते नेमके विमा संपतो तिथून पुढे. योगायोग असेल. मी साडेतीनवरच थांबले.

पहिल्या महिन्यात फक्त एक लाख टाकले, बघू म्हणून. व्याज इथे महिन्याच्या महिन्याला जमा होतं, जुन्या बँकेत तीन महिन्यांनी. एक ऑक्टोबरला मोबाइल वाजला, २८८ रुपये क्रेडिट. मी कॅलक्युलेटर काढला, ३० दिवसांचं १ लाखाला ३.५ ने २८७.६७. बरोब्बर. मग बाकीचे अडीच लाख नेले. महिन्याला व्याज जमा होण्याचा पैशात फार फायदा नाही, पण दर एक तारखेला मेसेज येतो ना, त्याचं सुख वेगळंच आहे. घरात पगार वेळेवर न होणारा माणूस असेल तर कळेल मी काय म्हणतेय.

दर मात्र टिकत नाहीत, हे लक्षात ठेवा. २०२५ मधे रिझर्व्ह बँकेने रेपो (ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो दर) फेब्रुवारीत, एप्रिलमधे आणि जूनमधे कापला, जूनपर्यंत ६.५० वरून ५.५० वर आणला, तसे बँकांचे दरही उतरले, आणि एफडीचा दर निदान ती केली त्या तारखेला बांधला जातो, सेव्हिंगचा कधीही हलतो. जूनपासून माझ्या बँकेने पहिल्या लाखाला ३ आणि पुढे ४.५ केलं. कळवलं कसं? एसएमएस नाही, मेसेज नाही, अ‍ॅप उघडल्यावर वर एक पट्टी सरकत होती 'दरांमध्ये बदल, अधिक माहितीसाठी'. मला कळलं ते जुलैच्या एक तारखेला व्याज कमी आल्यावर. आता वर्षाचे १६,००० चे १४,२५० झाले. तरी जुन्या बँकेच्या आता अडीच टक्क्यांवर आलेल्या दराने ८,७५० च होतात, म्हणजे साडेपाच हजारांचा फरक अजूनही आहे.

पहिल्या पूर्ण वर्षाचा आकडा देते, सप्टेंबर ते ऑगस्ट: नवीन खात्यात व्याज आलं साधारण साडेचौदा हजार. तेवढेच पैसे तेवढेच दिवस जुन्या बँकेत असते तर पावणेनऊच्या आत. म्हणजे पावणेसहा हजारांच्या पुढे फायदा, आणि त्यासाठी मी काय केलं, तर काही नाही. पैसे टाकले आणि गप्प बसले.

आता कॅशबॅक. इथे मात्र मी गप्प बसले नाही आणि पस्तावले.

ऑफर अशी: अ‍ॅपमधल्या बिल भरण्याच्या सेक्शनमधून बिलं भरा, पहिले तीन महिने ५ टक्के, महिन्याला जास्तीत जास्त १०० रुपये. त्यानंतर १ टक्का, जास्तीत जास्त ५० रुपये. बिल ५०० च्या वरचं पाहिजे. लाइट, गॅस, ब्रॉडबँड, पोस्टपेड, रिचार्ज चालतं, घरपट्टी पाणीपट्टी चालत नाही (तीच तर मोठी असते!). क्रेडिट कार्डाचं बिल चालत नाही. क्यूआर स्कॅन करून भरलं तर चालत नाही. पैसे पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत येणार. एवढ्या अटी पाठ करायला मला बँकेची परीक्षा दिल्यासारखं वाटलं.

सप्टेंबर १००. ऑक्टोबर १००. मी खूष. नोव्हेंबरमधे लाइट बिल आलं ते मी भरायच्या आत आमच्या ह्यांनी त्यांच्या जुन्या अ‍ॅपवरून भरून टाकलं. एरवी पाच वेळा आठवण करावी लागते, पण त्या महिन्यात माणूस स्वतःहून कर्तव्यदक्ष. मी विचारलं, का भरलंत? म्हणे, भरलं तर भरलं, त्यात काय. मग काय, गॅसचे ५८० आणि ब्रॉडबँडचे ७००, १,२८० वर ५ टक्के, ६४ रुपये. छत्तीस रुपये गेले. त्या छत्तीस रुपयांवरून आमच्यात जे बोलणं झालं त्याची किंमत काढली तर बरीच जास्त येईल. दोन दिवस घरात फक्त मुलीमार्फत संवाद.

डिसेंबरपासून १ टक्का सुरू झाला आणि मजाच गेली. २९ रुपये, ३३ रुपये असं काहीतरी यायला लागलं. चार आण्याची कोंबडी अन बारा आण्याचा मसाला म्हणतात ते हेच, पण एकदा सवय लागली ना की सोडवत नाही.

आणि मग फेब्रुवारी. लाइट बिल भरायला घेतलं, २,२४० रुपये, पिन टाकला, खात्यातून पैसे गेले, स्क्रीनवर गोल गोल फिरलं आणि 'पेंडिंग'. एक दिवस गेला, पेंडिंग. महावितरणच्या साइटवर बघितलं, बिल न भरलेलं. अ‍ॅपमधला चॅटबॉट मला विचारतोय, मी आपली काय मदत करू शकते? सांगितलं. म्हणे, आपण कार्ड ब्लॉक करू इच्छिता का? नाही गं बाई. कॉल सेंटरला बावीस मिनिटं सनई ऐकली (सनई का? कोणाचं लग्न होतं?), मग एका मुलीने हिंदीत सांगितलं की बिलर की साइड से कन्फर्मेशन नहीं आया, पाच वर्किंग डेज. म्हटलं मराठीत बोलता का कोणी, तर परत सनई. शेवटी ऑफिसातल्या एकाने सांगितलं की ही सगळी बिलं भारत बिल पेमेंट सिस्टीममधून जातात, पावतीवर एक लांबलचक ट्रान्झॅक्शन आयडी असतो तो घेऊन तक्रार टाक, नुसतं पैसे गेले पैसे गेले म्हणून उपयोग नाही. तो आयडी टाकून अ‍ॅपमधे तक्रार नोंदवली. पैसे चौथ्या दिवशी परत आले. दरम्यान मी वैतागून ते आणि बाकीची सगळी बिलं दुसऱ्याच अ‍ॅपवरून भरून टाकली होती. फेब्रुवारीचा कॅशबॅक शून्य.

पण याच भानगडीत एक गोष्ट कळली आणि खरं म्हणजे हे सगळं लिहायला बसले ते त्याच्यासाठीच. बिल भरलं गेलं का नाही हे बघायला मी आयुष्यात पहिल्यांदा महावितरणचं बिल नीट वाचलं. मी, जी दिवसभर लोकांची बिलं तपासते. तर त्यावर तारखा दोन असतात. एक शेवटची तारीख, जी आपण सगळे बघतो. आणि त्याच्या आधीची एक तारीख, त्या तारखेच्या आत भरलं तर एवढे, असं लिहून थोडी कमी रक्कम. बिल निघाल्यापासून सात दिवसात भरलं तर १ टक्का सूट असते, कर आणि ड्युटी सोडून जे बिल उरतं त्यावर. ऑनलाइन भरलं तर वर ०.२५ टक्के, ५०० रुपयांपर्यंत. आणि कागदी बिल नको, ईमेलवर पाठवा असं केलं, त्याला गो ग्रीन म्हणतात, तर महिन्याला १० या हिशोबाने वर्षाचे १२० रुपये. ही काही नवीन ऑफर नाही, कितीतरी वर्षांची आहे. आमचं घर झाल्यापासून आम्ही ठरवून शेवटच्या दिवशी बिल भरतोय, कारण पैसा जितके दिवस आपल्याकडे राहील तितका बरा, हे ह्यांचं अर्थशास्त्र. काढलं गणित: अडीच हजार रुपये आठ दहा दिवस जास्त खात्यात राहिले तर अडीच टक्क्याने दीड पावणेदोन रुपये व्याज मिळतं. आणि त्यासाठी आपण वीस रुपयांची सूट सोडतोय, महिन्याच्या महिन्याला, बारा वर्षं. मी हिशोब ह्यांच्यासमोर ठेवला. बराच वेळ बघून म्हणाले, तू अकाउंट्सला आहेस ना? म्हणजे चूक माझी!

आमचं वर्षाचं लाइट बिल साधारण २८,८०० होतं. लवकर भरल्याची सूट करबिर वजा जाता अंदाजे २४०, ऑनलाइनचे ६०, गो ग्रीनचे १२०. झाले ४२०. कुठलीही बँक बदलायला नको, कुठल्याही अटी नकोत, फक्त बिल आल्या आठवड्यात भरायचं.

आता बँकेचा कॅशबॅक वर्षभराचा, एक्सेलमधून बघून लिहिते: १००, १००, ६४, २९, ३३, ०, ३६, ४१, ५०, ४७, ४४, ३८. बेरीज ५८२. छान वाटतं ना? थांबा. सप्टेंबर २०२५ मधे डेबिट कार्डाची वार्षिक फी कापली, १९९ आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, २३४ रुपये ८२ पैसे. पहिलं वर्ष फुकट होतं, दुसऱ्या वर्षी कापतात. म्हणजे हातात राहिले ३४७. बँकेच्या कॅशबॅकसाठी बारा महिने रिमाइंडर लावले, भांडण केलं, सनई ऐकली आणि ३४७. आणि महावितरणच्या कागदावर छापलेले वर्षाचे ४२० आम्ही वर्षानुवर्षं रद्दीत घातले. (दोन्ही एकदम मिळतात हो, बँकेच्या अ‍ॅपवरून सात दिवसाच्या आत भरलं की झालं. मी आता तेच करते. पण बँकेचे मिळाले नाही तर रडत नाही.) कार्डाचं म्हणाल तर मी फोन करून साधं रुपे कार्ड मागितलं, बिनफीचं. ते मिळतं, पण आपण मागितलं तरच. लाउंजला रामराम.

टॅक्सचं थोडक्यात, कारण हे ऑफिसात सगळे विचारतात. सेव्हिंगच्या व्याजावर टीडीएस (पैसे देतानाच कापून घेतलेला कर) कापत नाहीत म्हणून ते टॅक्स फ्री आहे असा गैरसमज आहे. नाही. रिटर्नमधे दाखवायचं. जुन्या पद्धतीत रिटर्न भरत असाल तर सेव्हिंगच्या व्याजाचे १०,००० पर्यंत वजा मिळतात, आणि ज्येष्ठ नागरिकांना एफडी धरून ५०,०००. नव्या पद्धतीत हे दोन्ही नाही. आणि लपवायचा प्रश्नच नाही, एआयएसमधे (आयकर खात्याकडचा आपल्या व्यवहारांचा वार्षिक उतारा) सगळं आधीच येऊन बसलेलं असतं, मी बघितलं तर माझ्या शाळेच्या वेळच्या, बंद केलेल्या खात्याचे एकोणीस रुपयेसुद्धा होते तिथे.

तक्रारीची शेवटची गोष्ट, फोन. खात्यात लाखभर रुपये दिसले की एक रिलेशनशिप मॅनेजर नेमतात. गोड बोलतो. मॅडम तुमचे पैसे आयडल आहेत. अरे म्हणूनच तुमच्याकडे आणले ना! त्याला सेव्हिंगमधे पैसे नको असतात, त्याला पॉलिसी विकायची असते, गॅरंटीड इन्कम, सात वर्षं भरा, पंधराव्या वर्षापासून घ्या. एकाला मी विचारलं, आयआरआर, म्हणजे वर्षाला खरा परतावा, किती टक्के पडतो याचा? म्हणाला, मॅडम मीटिंगमधे आहे, नंतर करतो. नंतर केला नाही. वर्षात चार मॅनेजर बदलले, प्रत्येकाला पहिल्यापासून नाही म्हणावं लागतं. शाखा शहरात एकच, पासबुक नाही, स्टेटमेंट ईमेलवर पासवर्ड लावून येतं. आमच्यासारख्यांना चालतं. अण्णांना दाखवलं, म्हणाले यात शिक्का कुठाय.

कोणाला जमेल हे खातं? ज्यांचे लाख सव्वा लाखाच्या वर पैसे नुसते पडून असतात आणि एफडीत अडकवायचे नाहीत, त्यांनी जरूर काढा. लाखाच्या आत असेल तर वर्षाला फार तर पाचशे रुपयांचा फरक पडणार, त्यासाठी अजून एक अ‍ॅप, अजून एक पासवर्ड, मला नाही वाटत. किमान शिल्लक किती ते आधी बघा, माझ्या बँकेत महिन्याची सरासरी दहा हजार आहे, तीही नाही राहिली तर दंड. आणि जुनं खातं बंद करू नका. माझे एसआयपी, एलआयसी, सोसायटीचा मेंटेनन्स सगळं जुन्याच खात्यातून जातं, ते हलवायच्या भानगडीत मी पडलेच नाही. नवीन खातं फक्त कोठार.

मार्क द्यायचे तर व्याजाला पाचपैकी चार, दर कमी करताना कळवलं नाही म्हणून एक कापला. व्हिडीओ केवायसीला पाच. कॅशबॅकला दीड, तोही पहिल्या दोन महिन्यांच्या आठवणीवर. कस्टमर केअरला सनईचा एक.

अण्णांनी परवा स्वतःहून विचारलं, त्या तुझ्या बँकेत म्हाताऱ्यांना जास्त देतात का गं? सांगितलं, सेव्हिंगला नाही, एफडीला देतात, अर्धा टक्का. विचार करतायत. फेब्रुवारीतली ती तक्रार मी आता लिहिता लिहिता अ‍ॅपमधे उघडून बघितली, पैसे येऊन नऊ महिने झाले, तिथे अजून लिहिलंय 'आपल्या तक्रारीवर काम सुरू आहे'.